गाडीच्या सीटचं कव्हर घरी शिवताना

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मगच सीटचे बोल्ट खोला. सीटमध्येच एअरबॅग असेल तर तिला हात लावू नका. एअरबॅग फुगताना तिथली शिवण ठरावीक जागी आपोआप उसवावी म्हणूनच ती तशी घातलेली असते.

जुनं कव्हर फेकू नका, तोच तुमचा नमुना. उसवण्याआधी मी प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर टाकते आणि जोडावर आडव्या रेघा मारते. पहिल्या सीटला रेघा मारायच्या राहिल्या, दोन तुकडे सरकून शिवले गेले, मधोमध चुणी पडली. सगळं पुन्हा उसवलं.

माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, 12 मिलिमीटर सोडा. दोरा पॉलिस्टरचाच घ्या, सुती उन्हाने कुजतो. रेक्झिन हेअर ड्रायरने कोमट करून मधून कडेकडे ओढत बसवा.