बाबांची डावी बाजू परत आणताना

स्ट्रोकनंतर दुसऱ्या आठवड्यात बाबांनी ताटाचा उजवा भाग साफ केला आणि म्हणाले, "अजून वाढ." डावीकडचं सगळं तसंच होतं. मी ताट अर्धं फिरवलं. "हे कधी वाढलंस?"

आधी डोळे तपासून घ्या. कधी कधी नजरेचा डावा भागही गेलेला असतो. बाबांची नजर शाबूत होती, उजव्या मेंदूला इजा झाल्याने लक्ष मात्र डावीकडे वळतच नव्हतं. याला निग्लेक्ट म्हणतात. १९७८ साली बिसियाक आणि लुझाटी या इटालियन संशोधकांनी अशा रुग्णांना, चौकाच्या एका टोकाला उभे आहोत असं समजून, मिलानचा कॅथेड्रलसमोरचा (मोठ्या चर्चसमोरचा) चौक आठवून सांगायला लावला. त्यांनी उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. मग मनातल्या मनात समोरच्या टोकाला उभं केलं, तर आधी गाळलेल्या इमारती सांगितल्या आणि आधीच्या गाळल्या! म्हणून "नीट बघा ना" असं ओरडू नका. मी ओरडले होते, आजही वाईट वाटतं. "मला काही झालेलं नाही" हा हट्टसुद्धा बऱ्याचदा आजाराचाच भाग असतो.

कागदावर आडवी रेघ मारून मध्यावर खूण करायला सांगा. खूण उजवीकडे सरकते. तारीख घालून कागद जपून ठेवा, पुढे तुलनेला लागतो.

आम्हाला सर्वांत जास्त उपयोग झाला तो लाल पट्टीचा. ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाने) शिकवलं: पानाच्या डाव्या कडेला जाड लाल पट्टी चिकटवायची, प्रत्येक ओळीआधी बोट पट्टीला लावायचं, मगच वाचायचं. आधी बोटभर रुंद पट्टी, मग पेनाची रेघ, शेवटी मी नुसतं "पट्टी" म्हणायचे. डावा हात थोडाही हलत असेल तर तो टेबलाच्या डाव्या कडेवर ठेवून बोटं आपटायला लावा; त्या हालचालीने लक्षही तिकडे ओढलं जातं. बोलताना समोर उभे राहा, नजर मिळाली की हळूहळू डावीकडे सरका.

पण पाणी, चष्मा, बोलावण्याची घंटी उजवीकडेच हवी. तिथे सराव नको. व्हीलचेअरच्या डाव्या ब्रेकला रंगीत कापड बांधा, आणि डावा पाय खाली लोंबत नाही ना, हे दर वेळी बघा. गाडी चालवणं डॉक्टर तपासून सांगेपर्यंत बंद.

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा भराभर दिसते, नंतर वेग मंदावतो, पण पुढेही थोडी सुधारणा होऊ शकते. सराव पंधरा मिनिटांचाच ठेवा. बाबा थकले की संध्याकाळी डावी बाजू पुन्हा नाहीशी होते, आणि मी जाड पट्टी पुन्हा चिकटवते.