सलूनमध्ये हात बसेपर्यंत: नव्या मुलांसाठी

दुकानात लागल्या लागल्या कात्री हातात मिळत नाही. केस झाडणे, टॉवेल धुणे, गिऱ्हाइकाला कापड बांधणे, दाढीला फेस लावून देणे, एवढेच काम असते. या दिवसांचा कंटाळा करू नका. कारागिराचा हात चालतो तेव्हा समोरचे डोके बघत राहा: भोवरा एक की दोन, मानेवरचे केस कुठल्या बाजूला वळतात, एका बाजूचा कल्ला जास्त दाट आहे का. पुढचे सगळे कटिंग यावरच ठरते.

सगळ्यात जास्त मागणी ‘साइड बारीक, वर मध्यम’ची. मशीनच्या पात्यावर बसवायच्या प्लास्टिकच्या फणीला कॅप म्हणतात; तिचे माप पाठ हवे: १ नंबर म्हणजे ३ मिमी, २ म्हणजे ६, ३ म्हणजे साधारण १०, ४ म्हणजे १३. मशीन कोरड्या केसांवरच चालवा. ओले केस डोक्याला चिकटतात, कॅपखालून निसटतात आणि सुकल्यावर पट्टे दिसतात. आधी ३ नंबर, डोके जिथे वर वळायला लागते तिथपर्यंत. मग २ नंबर, कानाच्या वर दोन बोटे. शेवटी १ नंबर, कानाच्या वर एक बोट.

आता १ आणि २ च्या मध्ये रेघ दिसेल. नवखा मुलगा ती पुसायला मशीन वर वर नेतो. रेघ पुसली जात नाही, नुसती वर सरकते, आणि मग साइड पांढरी पडते. त्याऐवजी १ नंबरचीच कॅप ठेवून लिव्हर, म्हणजे मशीनच्या बाजूची लांबी कमी-जास्त करायची दांडी, पूर्ण उघडा. लांबी साधारण साडेचार मिमी होते. मशीनचे टोक रेघेपर्यंत न्या आणि तिथेच मनगट बाहेर वळवून उचला. मागे फणी धरून आरशात बघा. सावली सलग उतरली की थांबा.

वरचे केस ओले करून कात्रीने. ओला केस लांब दिसतो, सुकला की आखडतो, कुरळा तर फारच. म्हणून पहिल्या फेरीत एक सेंटिमीटर जास्तच ठेवा. भोवऱ्यावर तर हात आखडता हवा. तिथे बारीक झाले की केस उभे राहतात आणि कुठल्याही जेलने बसत नाहीत.

दाढीत घाई म्हणजे रक्त. गरम टॉवेल दोन मिनिटे, मग फेस. डाव्या हाताने कातडी ताणा, वस्तरा साधारण ३० अंशांवर. आधी सुलटा हात, म्हणजे केस वाढतात त्याच दिशेने. जबड्याखाली केस आडवे किंवा वरच्या दिशेने वाढतात, तिथे बोट फिरवून दिशा बघा. उलटा हात गिऱ्हाइकाने मागितला तरच. कुरळ्या दाढीत उलट्या हाताने केस कातडीतच वळतो आणि पुटकुळ्या येतात.

ब्लेड कागदातच मोडून अर्धे करायचे आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे, तेही त्याच्यासमोर लावायचे. कावीळ ब आणि क रक्तातून पसरतात, म्हणून यात सूट नाही. तुरटीचा एकच खडा सगळ्यांच्या कापलेल्या गालावर फिरवणेही तितकेच वाईट. तुरटीचे पाणी करून कापसाने लावा आणि कापूस फेकून द्या.

मशीन ओढायला लागले तर आधी ब्रशने पात्यातले केस काढा, चालू मशीनवर दोन थेंब तेल टाका. तरीही ओढत असेल तर पाते बोथट झाले. पाते बदलताना हलणारे पाते स्थिर पात्याच्या किंचित मागे राहिले पाहिजे. दोन्ही एका रेषेत आले की कातडी कापते.

हेअर डाय पहिल्यांदाच लावून घेणाऱ्याच्या कानामागे थोडा लावून ४८ तास थांबायला सांगा. खाज, सूज आली तर लावायचाच नाही. आणि मालिश करताना मान मोडू नका, गिऱ्हाईक स्वतः म्हणाले तरी. झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून लकवा होऊ शकतो. डोके आणि खांदे हाताने दाबा, तेवढे पुरे.

कामाला लागण्याआधी मालकाशी स्पष्ट बोला: पगार की टक्का, ब्लेड आणि क्रीमचा खर्च कुणाचा, सुट्टीचा वार कुठला. कात्री आणि फणी मात्र स्वतःचीच घ्या. दुसऱ्याच्या कात्रीवर हात बसायला फार वेळ लागतो.