वारीचा फोटो समोर आल्यावर: अभिप्राय द्यावा कसा, घ्यावा कसा

आषाढात वारी पुढे सरकते तसे फोटोही फिरायला लागतात. दिवेघाटातली माणसांची नागमोडी रांग, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई, रिंगणातला अश्व. खाली अभिप्राय ठरलेले: ‘कडक’, ‘एक नंबर’, जोडलेल्या हातांची चिन्हं. नाहीतर एखादे जाणकार ‘थोडा शार्प हवा होता’ एवढंच टाकून जातात. फोटो काढणाऱ्याच्या हाती दोन्हींतून काही लागत नाही. दोष नेमका कुठे आहे, कशामुळे आला आणि तो आता संगणकावर सुटेल, पुढच्या वेळी जागेवर सुटेल की सुटणारच नाही, हे ज्यातून कळतं तो अभिप्राय कामाचा.

आधी फोटो धड मागवा

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो आणि दाबला जातो. पताकांच्या भगव्या रंगात चौकोनी डाग दिसू लागतात, शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं) वगैरे नोंदीही गळतात. म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. (त्यात जागेची नोंदही जाऊ शकते. घरातला फोटो अनोळखी गटात टाकताना ती काढून टाकावी.) फोनवर बघत असाल तर ब्राइटनेस मध्यावर ठेवा आणि रात्रीचा पिवळसर मोड बंद करा. तो चालू ठेवून ‘फोटो पिवळा आलाय’ असं सांगणारे कमी नाहीत.

पाठवणाऱ्याने सोबत फोकल लेंग्थ (लेन्स किती जवळचं दाखवते, ते मिमीत), अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा लहान तेवढं छिद्र मोठं), शटर स्पीड, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता; वाढवली की दाणे वाढतात) आणि क्रॉप किती केलाय, म्हणजे कडा किती कापल्यात, हे लिहावं. शिवाय एक प्रश्न. ‘कसा वाटला?’ विचारलं की ‘छान’ हेच उत्तर येणार. ‘डावीकडची छत्री लक्ष खेचते का?’ असं विचारलं तर समोरच्याला छत्रीकडे बघावंच लागतं.

बघण्याचा क्रम

पहिला अर्धा मिनिट नुसतं बघा. नजर आधी कुठे गेली आणि कुठून बाहेर पडली, एवढं लक्षात ठेवा. फोटो काढणाऱ्याला वीणेकरी दाखवायचे होते आणि तुमची नजर मागच्या निळ्या ताडपत्रीवर गेली असेल, तर सांगण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट तीच. नंतर चारही कडा फिरून बघा: मनगटातून कापलेला हात, अर्धी छत्री, डोक्यातून उगवल्यासारखी दिसणारी पताकेची काठी, कोपऱ्यात घुसलेला टँकर. शंभर टक्के झूम सर्वांत शेवटी. तिथूनच सुरुवात केली की सगळी चर्चा नॉइजवर, म्हणजे दाण्यांवर जाते, आणि तो नॉइज ८ बाय १२ इंचांच्या प्रिंटवर बहुधा दिसतही नाही.

‘शार्प नाही’ म्हणजे नक्की काय

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण अस्पष्टपणाची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

सगळी फ्रेम एकाच दिशेने ओढल्यासारखी दिसते, दिव्यांच्या ठिपक्यांच्या सारख्या आकाराच्या रेघा झाल्यात, तर कॅमेरा हलला. हातात धरून काढताना शटर निदान फोकल लेंग्थइतकं असावं: २०० मिमीला १/२००, आणि लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर दीडपट धरून १/३२०. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असेल तर यापेक्षा सावकाश शटरही चालतं, पण त्याने समोरचा माणूस काही थांबत नाही.

रस्ता, झाडं स्पष्ट आणि फक्त माणसं पुसट असतील, तर विषय हलला. चालत्या वारकऱ्याला १/२५० पुरतं, फुगडीला १/५०० लागतं, रिंगणात धावणाऱ्या अश्वाला १/१००० किंवा त्याहून वेगवान. ढगाळ दिवशी आयएसओ १६०० किंवा ३२०० झाला तरी होऊ द्या. दाणेदार फोटो चालतो, फरकटलेला चेहरा कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट जुळत नाही. मात्र हे सांगण्याआधी विचारा: फुगडीचा गरगराट दाखवण्यासाठी मुद्दाम १/१५ ला काढला नव्हता ना?

चेहरा पुसट पण पुढची पताका किंवा मागची बाई लख्ख, तर फोकस चुकला. गर्दीत सगळा अधिकार कॅमेऱ्याला दिला की तो बहुतेकदा जवळची वस्तू पकडतो. एकच फोकस पॉइंट निवडून तो डोळ्यावर ठेवा, किंवा कॅमेऱ्यात डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती वापरा. फुलफ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स, एफ/१.८ आणि दोन मीटर अंतर असेल तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ६ सेंटीमीटर असतो. माणूस बोलता बोलता थोडा पुढे झुकला तरी डोळे त्याच्या बाहेर जातात. एफ/४ ला तोच पट्टा साधारण १३ सेंटीमीटर होतो.

आणि चौथं कारण: काहीच हललेलं नाही, फोकसही बरोबर, पण सगळ्यावर दुधाळ पडदा. लेन्सवर पावसाचा थेंब, बोटाचा ठसा किंवा खरंच धुकं. फोनच्या फोटोत तर ठसाच आधी तपासावा. धुकं घालवायला एडिटिंग अ‍ॅपमधला डीहेझचा (धुरकटपणा कमी करणारा) स्लायडर टोकाला नेला की डोंगर निळे-काळे होतात आणि आभाळात डाग उठतात. ‘डीहेझ निम्म्यावर आणा’ हा अभिप्राय लगेच वापरता येतो.

पांढरे कपडे, काळे चेहरे

वारीच्या फोटोंतला दुसरा नेहमीचा दोष. कॅमेरा समोरचा उजेड सरासरी मध्यम धरतो. फ्रेमभर पांढरी धोतरं-टोप्या असतील तर त्या राखाडी येतात, तिथे एक्सपोजर (फोटोत येणारा एकूण उजेड) +०.७ करा. उलट घाटाच्या काळ्या-हिरव्या उतारासमोर एकटाच पांढरा माणूस असेल तर त्याचा सदरा जळतो, म्हणजे घड्या न दिसता नुसता पांढरा होतो, तिथे -०.७ ते -१. अभिप्राय देताना हिस्टोग्राम (डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) मागवा. तो उजव्या भिंतीला चिकटलेला असेल आणि फाइल जेपेग असेल, तर सदऱ्याच्या घड्या परत येणार नाहीत. ‘हायलाइट कमी करा’ सांगण्यात अर्थ नाही. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) असेल तर थोडं परत मिळण्याची शक्यता असते. टोपीखालचा काळवंडलेला चेहरा मात्र संगणकावर बऱ्यापैकी उजळता येतो. फार ओढला तर कातडी राखाडी आणि दाणेदार दिसते.

सांगायचं कसं

एका फोटोवर दोनच सूचना द्या. सात दिल्या तर एकही पाळली जात नाही. जे जमलंय तेही कारणासकट सांगा, नाहीतर पुढच्या वेळी तेच बदललं जातं. उदाहरणार्थ:

‘आजींची मान टाळांकडे झुकलीय, त्यामुळे नजर आपोआप हातांवर जाते. हे असंच ठेवा. मागचा पांढरा टेम्पो त्यांच्या डोक्याला चिकटलाय. तो क्रॉप करून जाणार नाही, टाळ कापले जातील. आत्ता त्याचा उजेड थोडा उतरवा. पुढच्या वेळी दोन पावलं सरकून टेम्पो आजींच्या पाठीमागे झाकता येतो का बघा.’

‘मी असतो तर वाइड लेन्सने काढला असता’ हे टाळा, तो मग तुमचा फोटो होतो. ‘लेन्स बदला’ हेही. दुसऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय एडिट करून गटात टाकू नका; परवानगी घेऊन क्रॉपचा नमुना पाठवला तर मात्र तो चार वाक्यांपेक्षा जास्त समजावतो.

उघड्यावर अंघोळ करणाऱ्या बायका, अस्ताव्यस्त झोपलेली थकलेली माणसं असे फोटो आले तर लाइट-कंपोझिशनवर बोलूच नका. फोटो काढून टाकायला सांगा, तेही खासगीत, फोन करून.

ऐकणाऱ्याने काय करावं

लगेच खुलासा देऊ नका. ‘तिथे फार गर्दी होती’ हे खरंच असतं, पण बघणाऱ्याला गर्दी नाही, फोटो दिसतो. न कळलेलं तेवढं विचारा: ‘जड वाटतो म्हणजे कुठला भाग?’ सूचना लिहून ठेवा आणि दोन दिवसांनी फोटो पुन्हा उघडा.

तिघांनी एकाच कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि उपाय मात्र तीन सांगितले, असं हमखास होतं. कोपरा बिघडलाय हे माना, उपाय तुमचा तुम्ही शोधा. एकट्याने सांगितलेली, तुमच्या हेतूच्या विरुद्ध जाणारी सूचना सोडून दिली तरी चालते. आभार मानले की झालं, वाद घालायचं कारण नाही.

मूळ फाइल न बदलता तिची प्रत काढून त्यावर बदल करा, आणि दोन्ही शेजारी ठेवून त्याच माणसांना पुन्हा दाखवा. जागेवर सुटणारे दोष वेगळ्या यादीत लिहा. पुढच्या फेरीला त्यातला एकच निवडा, म्हणजे फक्त शटर किंवा फक्त बॅकग्राउंड. त्यासाठी पुढच्या आषाढाची वाट बघायला नको. आठवडी बाजारातही माणसं चालतात, पांढऱ्या टोप्या असतात आणि मागे टेम्पो उभेच असतात.