क्यूजीआयएसमध्ये नकाशा करताय? आधी सगळा रंग काढून टाका

क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा लेयर, म्हणजे माहितीचा एक थर, टाकला की ते मनाला येईल तो रंग देतं. नद्या गुलाबी, रस्ते जांभळे, काहीही. नवशिका माणूस मग एकेक रंग बदलत बसतो आणि शेवटी सगळंच सारखं भडक होतं. मी उलट्या बाजूने सुरुवात करते. आधी सगळे लेयर फिके राखाडी करायचे आणि ज्या गोष्टीसाठी नकाशा चाललाय, फक्त तिलाच रंग द्यायचा. पूररेषा दाखवायची असेल तर पाणी उठून दिसलं पाहिजे. रस्ते आणि हद्दी ओळखू आल्या तरी पुष्कळ झालं.

प्रदेश आकड्यांनुसार रंगवायचे असतील तर मात्र सावकाश जा. नुसती लोकसंख्या रंगवू नका. मोठ्या प्रदेशात माणसंही सहसा जास्त असतात, त्यामुळे नकाशा फक्त कोण आकाराने मोठं एवढंच सांगतो. घनता, टक्केवारी किंवा दरहजारी प्रमाण घ्या.

त्यानंतर वर्गवारी. समजा दहा प्रदेशांचे आकडे आहेत: २, ३, ४, ५, ६, ८, ९, ११, १२ आणि १००. समान अंतराने पाच वर्ग पाडले तर पहिला वर्ग जवळपास २२ पर्यंत जातो. म्हणजे नऊ प्रदेश एका रंगात, शंभरवाला एकटा गडद आणि मधले तीन वर्ग रिकामे. क्वांटाइल (सारख्या संख्येचे वर्ग) निवडलं तर प्रत्येक वर्गात दोन-दोन प्रदेश येतात, पण १२ आणि १०० एकाच रंगात बसतात. आकडे तेच, नकाशे दोन, आणि दोन्ही थोडे खोटे! म्हणून आधी हिस्टोग्रामचा टॅब उघडून आकडे कसे पसरलेत ते बघा आणि गरज पडली तर वर्गांच्या सीमा हाताने ठरवा. मी पाचाच्या वर वर्ग सहसा नेत नाही. सातवी निळी छटा रंगांच्या सूचीतल्या कुठल्या चौकोनाशी जुळते, हे मलाच सांगता येत नाही.

कमी-जास्त दाखवायला एकाच रंगाच्या फिक्या ते गडद छटा घ्या. लाल-निळा असा दुतोंडी पट्टा मधला आकडा खरंच अर्थाचा असेल तरच, म्हणजे शून्य किंवा सरासरी. नकाशातज्ज्ञ सिंथिया ब्रूअर यांचे कलरब्रूअर हे तयार रंगपट्टे सॉफ्टवेअरमध्येच मिळतात, स्वतः रंग जुळवायच्या फंदात पडू नका. व्ह्यू मेनूतल्या प्रिव्ह्यू मोडमध्ये रंगांधळ्या माणसाला नकाशा कसा दिसेल तेही कळतं. लाल-हिरव्याची जोडी तिथे बघाच.

नावं देवनागरीत असतील तर इंग्रजी ट्युटोरियलमधली एक युक्ती विसरा. मोठ्या प्रदेशाचं नाव पसरवायला ते अक्षरांमधलं अंतर वाढवतात. आपल्याकडे तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि नाव विस्कटल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा टाइप मोठा आणि रंग फिका करा. नदीच्या वळणावर वळणारी नावंही मी टाळते, आडवी किंवा सरळ तिरकी बरी. मात्रा-वेलांट्यांना जागा लागते, म्हणून टाइप रोमनपेक्षा एखाद-दोन पॉइंट मोठा ठेवा. अक्षरांभोवतीचा बफर, म्हणजे कडेचा पट्टा, पांढराशुभ्र नको, पार्श्वभूमीच्याच रंगाचा बारीक द्या.

प्रोजेक्शनबद्दल, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या पद्धतीबद्दल, इथे एवढंच: ३८५७ क्रमांकाचं वेब मर्केटर वेबसाठी ठीक, छापील नकाशाला नाही. ६० अंश अक्षांशावर त्यात लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दिसतं. क्षेत्रं रंगवून तुलना करायची असेल तर क्षेत्रफळाचं प्रमाण राखणारं समक्षेत्र प्रोजेक्शन घ्या.

लेआउटमध्ये, म्हणजे छपाईचं पान जुळवताना, सूचीचं ऑटो अपडेट बंद करून नावं सुधारा, नाहीतर ‘रोड्स_फायनल_२’ तसंच छापून येतं. उत्तरबाण प्रत्येक नकाशावर लागतोच असं नाही, आणि लागला तर छोटा पुरे. एक प्रत खऱ्या आकारात कागदावर काढा, स्क्रीनवर झूम करून वाचलेली नावं तिथे मुंगीएवढी निघतात. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचा डेटा वापरला असेल तर कोपऱ्यात श्रेय लिहा, ती परवान्याचीच अट आहे.