उतारावर बांधताय? मातीच्या बाबतीत या चुका टाळा

उन्हाळ्यात पाहणी करून उतार ‘पक्का’ ठरवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. किंचित ओलसर मातीचे कण त्यांच्यामधल्या पाण्याच्या ताणामुळे एकमेकांना धरून राहतात, म्हणून उतार खणून केलेली उभी मातीची भिंतसुद्धा महिनोन्महिने टिकते. पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्या की तो ताण संपतो आणि पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून ढकलू लागतो. ‘माती जड झाली म्हणून दरड आली’ हे अर्धंच खरं. खरा घात हा दाब करतो. कोरडी असताना ३४ अंशांच्या उतारावर तग धरणारी वाळूसर माती, वरपर्यंत पाणी भरून उताराच्या दिशेने झिरपू लागलं की १८-१९ अंशांवरच सुटते.

रंगावरून माती ओळखू नका. मीटरभर खालची माती घ्या, बरणीत एक तृतीयांश भरा, पाणी ओतून जोरात हलवा. मिनिटभरात तळाशी बसते ती वाळू, दोनेक तासांत गाळ, आणि दिवस उलटला तरी पाणी गढूळ ठेवते ती चिकणमाती. थर पट्टीने मोजा. दुसरी खूण बोटांची: ओली माती अंगठा-तर्जनीत दाबत पट्टी काढा, ५ सेंमीच्या पुढे न तुटता गेली तर चिकणमाती भरपूर आहे. अशी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्याच मोठ्या पावसाचं पाणी भेगांतून थेट खोल जातं.

‘खाली कातळ आहे, काळजी नाही’ हेही फसवं. वरच्या सैल मातीतून मुरलेलं पाणी कातळावर अडतं आणि घसरण नेमकी त्या सांध्यावर होते. उतार जिथे उभा खणला आहे, त्या उघड्या बाजूवर ओलसर, काळपट आडवी रेघ दिसते का बघा.

संरक्षक भिंतीमागे खणलेली चिकणमातीच परत भरली जाते, मग भिंत फुगते. मागे किमान ३० सेंमी खडीचा थर हवा, खडी आणि माती यांच्यामध्ये गाळणी कापड हवं, आणि भिंतीत ७५ ते १०० मिमीची छिद्रं साधारण दीड मीटरवर. मुसळधार पावसातही छिद्रं कोरडी आणि भिंत मात्र ओली असेल तर ती तुंबली आहेत. सळईने मोकळी करा.

शोषखड्डा उताराच्या माथ्यावर नको. भराव १५-२० सेंमीच्या थरांत, प्रत्येक थर धुम्मसाने ठोकून दाबत घाला, नुसता ढकलून देऊ नका.

माथ्यावर तडा दिसला की लोक सिमेंट ओततात. वरून चोपडा दिसतो, आतली हालचाल चालूच. तड्याच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, अंतर रोज मोजा, वरचं पाणी चर काढून बाजूला वळवा आणि तडा ताडपत्रीने झाका. अंतर वाढत असेल, किंवा खालचा झरा एकाएकी गढूळ झाला वा आटला, तर मोजमाप सोडा आणि घर रिकामं करा. उताराच्या खाली राहणाऱ्यांनाही लगेच कळवा.