परसातल्या हौदातील मासे थंडीत सांभाळताना

मराठवाड्यात हौदावर बर्फ धरत नाही. परभणीचा पारा काही हिवाळ्यांत पाच अंशांच्याही खाली उतरलेला आहे, पण तो उतरतो तो पहाटेच्या दोन-तीन तासांपुरता, आणि सकाळी नऊनंतर ऊन अंगाला लागू लागते. एवढ्या वेळात तीन-चार फूट खोल पाण्याची उष्णता संपून ते गोठणे शक्य नसते. तरीही दिवाळीनंतर आपल्याकडच्या हौदांतले मासे मरतात, आणि ते बर्फाने नव्हे तर गारठ्याच्या चढउताराने, नको तेव्हा घातलेल्या खाद्याने आणि थंड प्रदेशासाठी लिहिलेला सल्ला जसाच्या तसा उचलल्याने मरतात. यातले तिसरे कारण मी स्वतः अनुभवले आहे.

परभणीत घराच्या मागे दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि तीन फूट खोल हौद बांधला, त्यात काही गोल्डफिश, चार कोई (रंगीत जपानी कार्प मासे) आणि डासांसाठी आणलेले गप्पी मासे सोडले. पाणी हलते ठेवले की ते गोठत नाही, असे वाचले होते म्हणून पहिल्या हिवाळ्यात कारंजे रात्रभर चालू ठेवले. मार्गशीर्षातल्या एका पहाटे पाहिले तर गप्पी तळाशी पांढरे पडून होते, आणि कोई एका कोपऱ्यात एकमेकांना खेटून, कल्ले जेमतेम हलवत उभे होते. हात बुडवला तेव्हा मनगटापर्यंत कळ आली. बाजूच्या सिमेंटच्या टाकीत, जिथे कारंजे नव्हते, तिथले पाणी त्याहून उबदार होते.

कारण समजून घेतले की उपाय आपोआप सुचतात. कारंज्यातून उडालेला प्रत्येक थेंब रात्रीच्या हवेत फिरून, जवळपास हवेइतका गार होऊन परत हौदात पडतो, आणि हवा कोरडी असेल तर माठातले पाणी जसे बाष्पीभवनाने निवते तसा तो थेंब हवेहूनही थोडा अधिक निवतो. म्हणजे रात्रभर चाललेले कारंजे हे हौद थंड करण्याचेच यंत्र असते. बर्फाळ मुलखात गोष्ट वेगळी आहे. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते, त्यामुळे तिथे तळाशी ४ अंशांचे पाणी टिकून राहते, वर बर्फाचे झाकण बसते आणि मासे खाली तग धरतात. तिथली काळजी एवढीच असते की बर्फाखाली कोंडलेले वायू बाहेर जायला एक भोक उघडे राहावे, म्हणून तिथे पाणी हलवतात किंवा तरंगते हीटर ठेवतात, आणि घण घालून बर्फ फोडू नये, त्या धक्क्याने मासे दगावतात, असेही सांगतात. आपल्याकडे पाणी १२ ते २० अंशांच्या पट्ट्यात असते. या पट्ट्यात गार झालेले पाणी जड होऊन खाली बसते आणि खालचे वर येते, त्यामुळे रात्रभरात सगळा हौद ढवळून गार होतो आणि माशाला जायला उबदार तळ उरतच नाही.

म्हणून पहिले काम पाणी हलवण्याचे नसून मोजण्याचे आहे. साधा थर्मामीटर दोरीला बांधून मध्यापर्यंत सोडावा आणि दहा दिवस पहाटे सहाला व दुपारी तीनला त्याचा आकडा वहीत लिहावा. दोन आकड्यांत दोन-तीन अंशांचा फरक असेल तर हौदाला फारसे काही करावे लागत नाही. चार-पाच अंशांचा फरक पडत असेल तर हौद उथळ आहे, उघडा आहे किंवा वाऱ्याच्या तोंडी आहे, असे समजावे. माझ्या मते माशाला सलग गारठ्यापेक्षा हा रोजचा झोका जास्त भोवतो, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग नेमका अशा बदलत्या पाण्यात बळावतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसू लागले आणि मासा भिंतीला अंग घासू लागला की त्याची चाहूल लागली, असे धरावे.

झोका कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे पाणी जास्त ठेवणे. उन्हाळ्याच्या सवयीने आपण हौद अर्धा भरलेला चालवून घेतो. थंडीत तो काठोकाठ भरलेला असावा. नवीन हौद बांधणार असाल तर लांबीरुंदी कमी करून खोली चार फुटांपर्यंत न्यावी, आणि शक्य असल्यास तो जमिनीत खणून बांधावा, कारण चारी बाजूंची माती गोधडीचे काम करते. जमिनीच्या वर बांधलेल्या सिमेंटच्या टाकीला भिंतींतूनही गारठा लागतो. अशा टाकीला बाहेरून कडब्याच्या पेंढ्या उभ्या लावून सुतळीने बांधल्या तर पुरते.

दुसरा मार्ग आडोशाचा. आपल्याकडे हिवाळ्यात बोचरा वारा बहुधा उत्तरेकडून आणि ईशान्येकडून येतो, म्हणून त्या दोन बाजूंना तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कंबरभर उंच कूड करावा आणि दक्षिणेची बाजू उन्हासाठी पूर्ण मोकळी ठेवावी. संध्याकाळी सूर्य कलला की हौदावर बांबू आडवे टाकून त्यावर शेडनेट आणि वरून जुने गोणपाट पसरावे, आणि सकाळी ऊन आले की ते काढून घ्यावे. स्वच्छ आकाशाच्या रात्री पाण्याची उष्णता थेट आकाशाकडे निघून जाते, ती या पातळ छपराने बरीच अडते. छप्पर पाण्याला टेकू देऊ नये, चार बोटांची मोकळी जागा ठेवावी, आणि एका कोपऱ्यात हवा खेळायला फट असावी. प्लास्टिकचा कागद मी वापरत नाही. तो सकाळी काढायला उशीर झाला तर आतली हवा कोंडते आणि पाणी झपाट्याने तापते, म्हणजे ज्या झोक्यापासून वाचवायचे तोच आपण देतो. अंगणात देशी बदामाचे झाड असेल तर दिवसाही जाळी ठेवावी, कारण त्याची पाने याच दिवसांत लाल होऊन गळतात आणि तळाशी कुजत राहतात. त्याच जाळीने खंड्या आणि बगळाही लांब राहतो, आणि गारठून मंदावलेला मासा त्यांना फार सहज सापडतो.

आता हीटरबद्दल, कारण हा प्रश्न हमखास विचारला जातो. वर सांगितलेल्या मापाच्या हौदात २४० घनफूट, म्हणजे सुमारे ६,८०० लिटर पाणी मावते. एवढे पाणी फक्त एक अंशाने तापवायला जवळपास ८ युनिट वीज लागते. पाच अंश वाढवायचे तर ४० युनिट, आणि ती उष्णता दुसऱ्या रात्री पुन्हा निघून जाणार. खर्चाचे बाजूला ठेवले तरी आंघोळीचे पाणी तापवायचा रॉड हौदात सोडणे हे जिवावरचे काम आहे. त्या पाण्यात कोणी हात घातला तर विजेचा धक्का बसतो, आणि परसात लहान मुले असतात. हे कोणीही, कधीही, थोड्या वेळासाठीसुद्धा करू नये.

जे काम वीज करू शकत नाही ते आपली विहीर करते. हिवाळ्याच्या पहाटे विहिरीतून वाफ निघताना आपण सगळ्यांनीच पाहिलेली आहे, आणि मोटार सुरू झाल्यावर पाइपाच्या तोंडाशी हात धरला की ते पाणी कोमट लागते. खोल विहिरीचे आणि बोअरचे पाणी आपल्या भागात थंडीतही २५ अंशांच्या आसपास राहते, कारण जमिनीच्या पोटात ऋतूंचा फरक फारसा पोचत नाही. हौदात १५ अंशांचे पाणी असेल आणि त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे सुमारे ६८० लिटर, काढून तेवढेच विहिरीचे घातले तर सगळा हौद एक अंशाने वाढतो. जे ८ युनिट विजेने होणार होते ते मोटारीच्या काही मिनिटांत होते. पाण्याची टंचाई असलेल्या आपल्या भागात हे उधळपट्टीचे वाटू नये, कारण काढलेले पाणी सायफनने तळातून घ्यावे, म्हणजे गार पाणी आणि गाळ दोन्ही निघतात, आणि ते केळीच्या किंवा जास्वंदीच्या आळ्यात सोडावे. माशांच्या विष्ठेने खतावलेले ते पाणी झाडांना मानवते.

फक्त दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. बोअरच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो, म्हणून पाइपाच्या तोंडाला भोके पाडलेला डबा बांधून पाणी फुटाभर उंचीवरून धारांनी पडू द्यावे. आणि एका वेळी दहाव्या हिश्शाहून जास्त पाणी बदलू नये, फार गारठा असेल तर सकाळी एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा, असे विभागून बदलावे. नळाचे पाणी वापरायचे असल्यास ते पिंपात एक दिवस उघडे ठेवून क्लोरीन उडू द्यावे. मात्र ते पाणी उबदार नसते, त्यामुळे थंडीतला त्याचा उपयोग पातळी भरून काढण्यापुरताच आहे.

कारंजे थंडीत सूर्यास्तापूर्वी बंद करावे. गाळणीचा पंप मात्र बंद करू नये, कारण गाळणीतल्या ज्या जिवाणूंमुळे अमोनिया निवळतो त्यांना सतत प्राणवायू असलेले पाणी लागते. पंपाचे परतीचे तोंड पाण्याच्या खाली वळवून ठेवले की पाणी फिरते आणि हवेशी फारसे खेळत नाही. कारंजे बंद केल्याने मासे गुदमरतील, ही भीती माशांची गर्दी नसलेल्या हौदात अनाठायी आहे. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर १० अंशांच्या पाण्यात अकराहून अधिक, आणि गारठलेल्या माशाची गरजही कमी झालेली असते. अपवाद आहे तो ढगाळ हवेचा. अवकाळीचे आभाळ दोन-तीन दिवस राहिले तर शेवाळ दिवसा पुरेसा प्राणवायू तयार करत नाही आणि रात्री मात्र वापरते. अशा वेळी पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसले तर एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) ताबडतोब चालू करावा, मग पाणी थोडे गार झाले तरी चालेल.

खाद्याच्या बाबतीत घरातल्या माणसांना समजावणे सर्वांत अवघड जाते, कारण मासा खात नाही म्हणजे तो आजारी आहे, असे वाटते आणि मायेने आणखी मूठभर टाकले जाते. माशाचे शरीर पाण्याइतकेच उबदार असते, आणि पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते. पोटातले अन्न पडून राहते, न खाल्लेले तळाशी कुजते आणि त्याचा अमोनिया होतो. कोई आणि गोल्डफिशला पाणी १८ अंशांच्या वर असेपर्यंत नेहमीसारखे खाऊ घालावे. १८ ते १२ दरम्यान दिवसातून एकदाच, दुपारी बाराच्या सुमारास, पाच मिनिटांत संपेल एवढेच घालावे. १२ च्या खाली हात आखडावा, आणि १० च्या खाली काहीच घालू नये. धष्टपुष्ट कोई काही आठवडे न खाता आरामात राहतो. रोहू आणि कटला थंडीला जास्त हळवे असतात, त्यांचे खाद्य २० अंशांखालीच निम्म्यावर आणावे. पेंड भिजवून टाकण्याऐवजी तरंगते खाद्य वापरले तर उरलेले जाळीने काढता येते.

कोणता मासा ठेवायचा हा निर्णयही थंडीच्या हिशोबाने घ्यायला हवा. गोल्डफिश, कोई आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) आपला हिवाळा सहज काढतात. गप्पी, मोली यांसारखे उष्ण प्रदेशातले मासे मात्र उघड्या हौदात टिकतीलच असे नाही. तिलापियाही १० अंशांच्या जवळ दगावू लागतो. डासांसाठी गप्पी ठेवलेच असतील तर दिवाळीच्या सुमारास दहा-वीस काढून घरात काचेच्या बरणीत किंवा टबमध्ये ठेवावेत. हौदातले गेले तरी फाल्गुनात बी शिल्लक राहते.

मोठ्या शेततळ्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. ३० मीटर लांबीरुंदीच्या आणि ३ मीटर खोलीच्या, उतरत्या काठांच्या शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी असते, त्याला एका रात्रीचा गारठा जाणवतही नाही. तिथे खरी काळजी असते ती थंडीच्या तोंडावर रोहू आणि मृगळांच्या अंगावर येणाऱ्या लाल चट्ट्यांची आणि व्रणांची. हा बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होणारा रोग असून त्यावर हेक्टरी सुमारे २०० किलो चुना हा रूढ उपाय आहे, म्हणजे वरच्या मापाच्या तळ्याला साधारण १८ किलो. चुना आधी पाण्यात विरवून, थंड झाल्यावर सकाळी पसरावा, आणि त्यापूर्वी पाण्याचा सामू (पीएच) तपासून मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्याला विचारावे. घरच्या लहान हौदात चुना टाकू नये. सामू एकदम वाढला तर पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो. तिथे लिटरमागे एक ग्रॅम खडे मीठ, म्हणजे ६,८०० लिटरला पावणेसात किलो, बादलीत विरघळवून दोन-तीन दिवसांत थोडे थोडे घालणे पुरे असते.

वेळ अमावास्येला लातूर-धाराशिवकडे लोक शेतात जेवायला जातात तेव्हा गारठा बहुधा ऐन भरात असतो. त्या सुमाराला रोज पहाटे हौदाकडे एक चक्कर मारावी, पण मासे हलत नाहीत म्हणून काठीने डिवचू नये. संक्रांतीनंतर दुपार तापू लागली तरी घाई करू नये, कारण रात्री अजून गारच असतात. खाद्य थांबवले असेल तर पहाटेचा आकडा सलग आठवडाभर १८ च्या वर राहिला की एका दुपारी चिमूटभर खाद्य टाकून बाजूला उभे राहावे. कोई तळातून वर येऊन दाणे टिपू लागले तर दुसऱ्या दिवशी तेवढेच द्यावे, आणि कूड, गोणपाट काढायला महाशिवरात्रीपर्यंत थांबावे.