घरचा नाताळ: केक, चांदणी आणि शेजार

नाताळ हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ जन्म. ख्रिस्ती घरांत हा उपासनेचा सण आहे. ती श्रद्धा नसली, तरी केक, चांदणी आणि फराळाची देवाणघेवाण कोणालाही मनापासून करता येते. वेळ आणि कष्ट या तिन्हींवर घाला, सजावटीचं सामान कमी आणलं तरी चालेल.

केकची तयारी 22 तारखेच्या रात्री. काळे मनुके, बेदाणे, बारीक चिरलेला खजूर आणि टुटीफ्रुटी मिळून 200 ग्रॅम मेवा 150 मिलि संत्र्याच्या रसात भिजवून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी गाळून उरलेला रस बाजूला काढा.

रंग आणि खमंगपणा येतो तो कॅरमलमुळे. खोलगट, जाड बुडाच्या पातेल्यात 50 ग्रॅम साखर पाणी न घालता मंद आचेवर वितळवा. कोऱ्या चहाचा रंग आला की गॅस बंद करा आणि 60 मिलि उकळतं पाणी कडेने, थोडं थोडं ओता. पाक फसफसून वर येतो, म्हणून मुलांना ओट्यापासून लांब ठेवा. गार पाणी ओतलंत तर साखर दगडासारखी आवळते. धुराचा वास आला, रंग काळा पडला, तर ते सरळ टाकून द्या. तो कडूपणा केकमध्ये कशानेही झाकला जात नाही.

180 ग्रॅम दही, 150 ग्रॅम साखर, 120 मिलि तेल फेटून त्यात गार झालेलं कॅरमल आणि एका संत्र्याची किसलेली साल घाला. सालीचा फक्त केशरी भाग घ्या, पांढरा कडू लागतो. 200 ग्रॅम मैदा, 1 चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, अर्धा चमचा दालचिनी, पाव चमचा जायफळ, दोन लवंगांची पूड आणि चिमूटभर मीठ चाळून हलक्या हाताने मिसळा. पीठ पळीतून धारेने नको, गोळ्यागोळ्याने पडायला हवं. फारच घट्ट वाटलं तर राखून ठेवलेला रस चमचा-दोन चमचे घाला. मेवा कोरडा पुसून चमचाभर मैद्यात घोळवून शेवटी मिसळा. सगळा मेवा तळाशी गेला, तर पीठ सैल होतं किंवा मेवा ओला होता असं समजा.

ओव्हनमध्ये 160 अंशांवर 50 ते 55 मिनिटं. ओव्हन नसेल तर जुन्या जाड पातेल्यात बोटभर मीठ पसरा, वर स्टँड ठेवा आणि झाकून 10 मिनिटं मध्यम आचेवर तापवा. मग 7 इंची डबा ठेवून मंद आचेवर तासभर. नॉनस्टिक भांडं असं कोरडं तापवू नका. पहिली 40 मिनिटं झाकण उघडू नका, मधला भाग कच्चा असतो आणि लगेच खाली बसतो. शेवटी सुरी खुपसून पाहा, ती कोरडी निघायला हवी. केक दुसऱ्या दिवशी कापा. त्याच दिवशी कापला तर चुरा होतो आणि मसालाही मुरलेला नसतो.

चांदणी म्हणजे आकाशकंदिलाचंच काम. बुरूड आळीतून 60 सेंटिमीटरच्या दहा कामट्या आणि 12 सेंटिमीटरचे पाच तुकडे आणा. प्रत्येक लांब कामटीवर एका टोकापासून 23 आणि 37 सेंटिमीटरवर खूण करा. कामट्या याच खुणांवर एकमेकींना छेदतात. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधा. शेजारच्या दोन टोकांमधलं अंतर पाचही ठिकाणी 37 सेंटिमीटर भरलं, तर आकार बरोबर. आता दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवून फक्त पाच टोकं बांधा आणि आतल्या पाच छेदांवर छोटे तुकडे अडकवा, म्हणजे पोट फुगतं. पतंगाचा कागद खळीने चिकटवा, बल्ब बदलायला एक बाजू उघडी ठेवा. आत 3 ते 5 वॅटचा एलईडीच लावा, साध्या बल्बच्या उष्णतेने कागद जळू शकतो.

फराळात कलकल हवेतच. शंकरपाळ्याचंच पीठ, फक्त नारळाच्या दुधात भिजवलेलं. बोराएवढी गोळी काट्याच्या (फोर्कच्या) पाठीवर दाबून पसरा, गुंडाळा आणि कड नीट चिकटवा, नाहीतर तेलात उलगडते. आच मंदच ठेवा. सोबत करंज्या असू द्या. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळला नेवऱ्या असतात, त्या त्यांच्याच बहिणी.

नाताळचं झाड (ख्रिसमस ट्री) हवं असेल तर कुंडीतलं अरोकेरिया घ्या. त्याला भरपूर उजेड लागतो. अंधाऱ्या कोपऱ्यात खालच्या फांद्या गळतात आणि पुन्हा फुटत नाहीत.

येशूजन्माचा गोठा ख्रिस्ती घरांत भक्तीने मांडतात. नुसती शोभा म्हणून मांडण्यापेक्षा तो शेजाऱ्यांकडे जाऊन पाहावा. पुण्यात गुरुवार पेठेतल्या पंच हौद चर्चमध्ये किंवा कॅम्पातल्या चर्चमध्ये जायचं असेल तर उपासनेची वेळ टाळा. उपासना चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, फोटो काढू नका. प्रसाद समजून उपासनेत वाटल्या जाणाऱ्या भाकरीच्या रांगेत उभं राहू नका, तो त्यांचा संस्कार आहे. याच पंच हौद मिशनमध्ये 1890 साली लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे चहाला गेले, त्यावरून पुण्यात केवढं वादळ उठलं होतं. आज तसं काही नाही, तेव्हा फराळाचं ताट घेऊन ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे खुशाल जा. मात्र 24 च्या रात्री बरेच जण चर्चमध्ये असतात, म्हणून 25 ला दुपारनंतर, आधी फोन करून.